ज्ञानूची गाडी आणि सहा बैल

ज्ञानू ड्रायव्हर चहा प्यायला गाडी थांबवायचा आणि चहा पिऊन आला की तीच गाडी नव्यानं विकत घ्यायची असल्यासारखी तपासायचा. बाजारात बैल बघतात तशी. आधी तोंडासमोर उभा राहायचा, मग उजव्या अंगानं फेरी, चाकांवर थाप, खाली वाकून पोटाकडं नजर. शेवटी ड्रायव्हरच्या दारातून आत डोकं घालून घटकाभर तसाच राहायचा आणि म्हणायचा, "ठीक हाय." आत काय बघतो, मी कधी विचारलं नाही. ते दार दुसऱ्या कुणी उघडलेलं त्याला खपत नसे.

"आरं, कपभर च्या पिऊस्तवर गाडीला काय धाड भरली?" मी म्हणायचो.

"नुसतं बघून कळत न्हाई दाजी. हात लावून बघाया लागतं."

हे वाक्य त्याचं ठरलेलं. वांगी घेताना तेच, कुणाची सोयरीक जुळवतानाही तेच. एकदा पोरीच्या बापानं त्याला ह्यावरून पायरीखाली उतरवला होता.

लढाईत तो लष्कराच्या गाड्या हाकायचा. लढाई संपल्यावर मोडीत काढलेली एक मालमोटार घेऊन गावी आला आणि इस्लामपूरकडच्या गुळाच्या ढेपा सांगलीच्या पेठेत पोचवू लागला. लग्न केलं नाही. आईबाप लहानपणीच गेलेले. माझी बायको पारू त्याला भाऊबीजेला ओवाळायची, तो तिला आक्का म्हणायचा. एवढाच त्याचा गोतावळा.

मी तिसरी शिकलेला माणूस. गोड करून सांगता येत नाही, तेव्हा सरळ सांगतो. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या दिवाळीनंतर पारू तापानं गेली. आम्हाला मूलबाळ नाही. ज्ञानू नसता तर मी संध्याकाळी चूलसुद्धा पेटवली नसती. तो यायचा, माझी करपलेली भाकरी खायचा आणि वर नावं ठेवायचा.

"आक्काची साडेचार बोटांची भाकरी ह्याच्यापरास लय गोल हुती."

ऊस तोडताना विळ्यानं पारूच्या उजव्या करंगळीचं अर्धं बोट गेलं होतं, त्यावरून. ती असतानाही असंच चिडवायचा आणि ती उलथनं घेऊन त्याच्या मागं लागायची.

तर मळणीच्या दिवसांत त्याच्या गाडीच्या चाकावरचा लोखंडी पाटा नेमका माझ्या खळ्यावर येऊन मोडला. नवा पाटा आणायला तो साताऱ्याला निघाला. जाताना दाराला तारेचे पीळ घातले आणि मला म्हणाला, "दाजी, हिला हलवायची न्हाई. आल्यावर एक वरखडा दिसला तर तुमच्या उंबऱ्यात पाय ठिवणार न्हाई."

दोन दिवसांत येतो म्हणाला होता. पाच दिवस झाले. आभाळ भरून यायला लागलं, शेजाऱ्यांच्या मळण्या उरकल्या आणि माझी जोंधळ्याची कणसं रानात तशीच पडलेली. शेवटी म्हटलं, गाडी झाली म्हणून काय झालं, शेवटी चार चाकांचीच ना? माझी बैलजोडी जुंपली, मोटेचा नाडा गाडीच्या पुढच्या लोखंडी पट्टीला बांधला. ढिम्म हलेना. शेजारची जोडी आणली. तरी नाही. तिसरी जोडी आणली तेव्हा कुठं बाई निघाली. पुढची चाकं फिरत होती, मागची जमीन उकरत होती. मला वाटलं, गाडीचा स्वभावच असा. आत ब्रेक नावाचा दांडा ओढून ठेवलेला असतो, हे मला काय ठाऊक! ओढत नेली आणि बाभळीखाली लावली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ज्ञानू पाटा खांद्यावर घेऊन आला.

"गाडीला कुणी हात लावला व्हता?"

"न्हाई," मी म्हणालो. खोटं बोललो.

त्यानं जमिनीकडं बघितलं. "मग ही नांगरट कुणी केली? का गाडी आपली आपण सावलीला गिली?"

तो पुढं जाऊन शेण बघू लागला. "सहा बैल व्हते."

"शेणावरनं कळतं व्हय रं?"

"सहा बैल, दाजी! ब्रेक लावलेल्या गाडीला!"

मग फेरी सुरू झाली. पुढची पट्टी वाकलेली. एक दिवा फुटलेला. मागच्या चाकांचं रबर सोललेलं. तो गाडीखाली शिरला, नुसते पाय बाहेर राहिले आणि आतून एकेक शिवी येत राहिली. मी पायांकडं बघत उभा. मनात एकच, आज चुलीवर एकाचीच भाकरी.

तो बाहेर आला, ड्रायव्हरच्या बाजूला गेला आणि एकदम थांबला. बाभळीची एक फांदी खिडकीतून थेट आत घुसली होती. काट्यांसकट.

शिव्या बंद झाल्या. तारेचे पीळ तो हिसडे देऊन सोडवू लागला. मला वाटलं, आता हा मारतोय.

"ज्ञानू, चुकलं माझं. पर तुझं येणं बंद करू नगंस बाबा."

त्याला ऐकूच गेलं नाही. फांदी मोडून त्यानं दार उघडलं, दाराच्या आतल्या पत्र्यावरनं हळूच तळवा फिरवला आणि मोठा श्वास सोडला. "वाचला."

"काय वाचलं?"

"हिकडं या."

दाराच्या आत, पत्र्यावर, तेलकुंकवाचा पंजा होता. गाडी गावात आली त्या दिवशी पारूनं ओवाळून उठवलेला. मी विसरून गेलो होतो. त्यानं वरून रोगण मारून तो पक्का केला होता. काट्याचा एक ओरखडा मनगटापाशी येऊन थांबला होता. चार बोटं पुरी. करंगळी अर्धी.

पारूचा फोटो आम्ही कधी काढला नाही. तिचं लुगडं तिच्याबरोबर गेलं. घरात तिचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि हा गडी ते रोज सांगलीला नेऊन आणत होता.

मी नुसता बघत राहिलो.

"नुसतं काय बघताय दाजी," ज्ञानू म्हणाला. "हात लावून बघा."

मी लावला. माझा तळवा केवढा तरी मोठा, तिचा सगळा हात त्याखाली झाकून गेला. ज्ञानू पाठ करून वाकलेली पट्टी बघत बसला. बराच वेळ बघत बसला. पट्टीत एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

मग तिकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "चला, भाकऱ्या करपवा. साताऱ्यापासनं उपाशी हाय मी."