खोकं बोललं नाही पाहिजे

तारीख बारा मे, रविवार, सकाळी दहा वाजता. अमरावती, आमच्या घराचा हॉल. हजर: मी, माझे यजमान सुनील, मुलगी आर्या, मुलगा पार्थ आणि शेजारच्या रुबीनाबाजी. अकोल्याची नणंद कल्पना फोनवर. दादाराव मामा खोक्यात.

खोक्यात म्हणजे खोक्यातच. जाड पुठ्ठ्याचं नवं कोरं खोकं हॉलच्या मधोमध ठेवून मामा अनवाणी त्यात उभे होते. पायजमा घोट्याच्या वर धरलेला, एक हात आधाराला पार्थच्या डोक्यावर, आणि टाचांवर वर-खाली, वर-खाली चाललेलं.

"मामा, बैठक सुरू करायची आहे," मी म्हटलं.

"कर ना तू सुरू. मी बूड पाहून राहिलो. जे खोकं मानसाले झेलत नाही, थे मालाले काय झेलते?"

सुनीलला ओमानमधल्या एका कारखान्यात नोकरी मिळाली होती आणि आम्ही चौघं जूनमध्ये निघणार होतो. माझ्या वहीत एकेचाळीस कामं लिहिलेली होती. शाळेचे दाखले, गॅसचं कनेक्शन परत करणं, घराला भाडेकरू, सगळ्यांचे दात दाखवून घेणं. त्यांतल्या चाळीस कामांपुढे माणसाचं नाव आणि वार होता. सतराव्या कामापुढे काहीच नव्हतं. सतरावं काम: मामा कुठे राहणार?

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. उमेदीची सगळी वर्षं वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये गेली, राहणंही तिथेच. सुनील आणि कल्पना लहान असताना त्यांचे वडील वारले. तेव्हापासून मामा दर शनिवारी वरूडहून यायचे, दोघांचे अभ्यास, दप्तरं, चपला बघायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. पुढे गुडघे बोलायला लागले तसे ते अमरावतीलाच राहायला आले. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मामा आमच्याजवळच राहिले. आता ओमानच्या व्हिसाला बायको चालत होती, मुलं चालत होती. नवऱ्याचा मामा त्या अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. त्यांना एकटं ठेवणंही शक्य नव्हतं. हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले होते आणि आर्या घरी होती म्हणून वेळेवर कळलं.

उरलं अकोला.

"मामा, माह्या घरी ये ना," फोनमधून कल्पना म्हणाली. "वरची खोली रिकामीच आहे."

"भाचीच्या घरी?" मामा खोक्यातून म्हणाले. "मामानं भाचीच्या दारात द्याले जाव लागते पोरी, खाले नाही. तुह्या लग्नात पाय धुतले मी तुहे. आता तुह्याच घरी ताट मांडून बसू?"

"आजकाल कोनी काही म्हनत नाही, मामा."

"मी म्हनतो ना मले. तेवढं बस झालं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. कल्पनाच्या लग्नाला बारा वर्षं झाली. मामा तिच्याकडे जातात ते संत्र्यांची पिशवी घेऊन. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितात, पोरांना गोळ्या वाटतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एकदा जावयांनी फारच आग्रह करून कपभर चहा पाजला, तर पुढच्या खेपेला मामा अर्धा किलो चहापत्ती आणि दोन किलो साखर घेऊन हजर.

मी वहीत 'सतरावं: पुढच्या बैठकीत' असं लिहिलं. मामा खोक्यातून उतरले आणि म्हणाले, "पास. फर्स्ट नंबर बूड."

मामांच्या हिशेबी जगात तीनच ढीग आहेत. फर्स्ट, सेकंड आणि चुरी. चुरी म्हणजे बारीक, भावाबाहेरचं संत्रं. रुबीनाबाजींची बिर्याणी फर्स्ट. माझे पोहे सेकंड, "पन टिकाऊ." सुनीलचे ओमानचे साहेब त्यांनी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं पाहिले आणि सुनीलच्या कानात निकाल दिला, "चुरी आहे. वरून पॉलिश मारेल."

पॅकिंगची माझी पद्धत सरळ आहे. खोक्याला नंबर, नंबराला यादी, यादीची एक प्रत खोक्यात आणि एक वहीत. मामा यादी मानत नाहीत. ते खोकं भरतात, उचलून कानाशी धरतात आणि हलवतात. आत जरा खुट्ट झालं की सगळं पुन्हा बाहेर.

"खोकं बोललं नाही पाहिजे, सूनबाई. बोललं का समज माल हालला. हालला का डागला."

खोकं गप्प बसावं म्हणून मामा दिसेल त्या पोकळीत काहीतरी कोंबायचे. कुकरमध्ये तूरडाळ. डाळीत सुनीलचं घड्याळ. पार्थच्या नव्या बुटांत मुगवड्या.

"मामा, बुटात खायची वस्तू?"

"नवे बूट आहे. त्याहीनं अजून जमीन नाही पाह्यली."

रुबीनाबाजींचा भाऊ मस्कतला आहे. त्या रोज संध्याकाळी येऊन मामांची समजूत घालायच्या. "मामू, इत्ता सामान कायको? उधर सब मिलता. दाल मिलती, चावल मिलता, मिर्ची मिलती."

"सरगुंडे भेटते?"

सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळून वाळवलेली नळी. उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात घरोघरी करतात. "सरगुंडे तो मामू, पुणे में भी नहीं मिलते."

"मंग सब मिलता कावून म्हनते?"

चौथं खोकं सरगुंड्यांचं झालं.

सातव्या खोक्यात वर्षाचं तिखट होतं. तीन थरांच्या पिशव्यांत बांधून, वरून फडकं लावून मी स्वतः ठेवलं होतं. मी वहीत नोंद करत होते तेवढ्यात मामांनी दाभण घेतलं आणि सवयीने खोक्याच्या चारही बाजूंना भोकं पाडली. एका रेषेत, सारख्या अंतरावर. संत्र्याच्या खोक्याला हवा लागते, नाहीतर फळ आतल्या आत घामेजतं. मग त्यांनी खोकं उचललं, कानाशी धरलं आणि जोरात हलवलं.

आधी मामा शिंकले. मग पार्थ. मग मी, वहीसकट. भिंतीपलीकडून रुबीनाबाजींचा आवाज आला, "कौन मिर्ची कूट रहा जी?"

"मामा, तिखटाला श्वास कशाला हवा?" मी विचारलं.

"सवय..." मामा शिंकले. "सवय पडली हाताले..." पुन्हा शिंकले. "मी म्हटलं जिता माल आहे."

आर्याने त्यांना हाताला धरून न्हाणीघरात डोळे धुवायला नेलं. सुनील नुकताच बाहेरून आला होता. तिखट झाडता झाडता तो एकदम खाली बसला. "मी त्यांना नाही कळवून टाकतो," तो म्हणाला. "मामाची सोय होत नाही तर मी कसा जाऊ? त्यानं आम्हाला असं टाकलं असतं का?"

अशी नोकरी त्याला पुन्हा मिळाली नसती. पंचेचाळीशीनंतर मिळत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी वही मिटली. न्हाणीघरातला नळ बंद झालेला होता, पण मामा काही बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच मामांनी जाहीर केलं, "सुन्या, तिकिटं पक्की कर. मले अकोल्याले नोकरी लागली."

"नोकरी?"

"कल्पनानं वाळवनाचा धंदा काढला. कुरड्या, पापड, सरगुंडे. तुमच्यासारखे देश सोडून जानारे लोक नेते म्हने. पॅकिंगले हुशार मानूस भेटत नाही तिले. लय विनवन्या करून राहिली. मी म्हटलं, एक बहार येतो, हंगामापुरता. राहाले नाही, कामाले. कामाच्या ठिकानी जेवाले हरकत नसते."

"ती मला काही बोलली नाही."

"धंद्याची गोष्ट आहे. सगळ्याईले सांगत नाही मानूस."

सुनील हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला. दुपारी कल्पनाचा मला फोन आला, आवाज एकदम खाली.

"वैनी, मी कोनता धंदा काढला?"

"म्हणजे?"

"सकाळीच मामाचा फोन आला. म्हने, सुन्यानं विचारलं तर हो म्हन, अन् आजपासून कुरड्या कर."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हनतो? गहू भिजू घातले न मी."

त्यानंतर सुनीलने तिला फोन केला तेव्हा तिने गिऱ्हाइकांची अशी काही वर्णनं केली की मलाही क्षणभर खरी वाटली. त्याला हे आम्ही कोणीच सांगितलेलं नाही. मी सतराव्या कामापुढे लिहिलं: कल्पना, शुक्रवार.

शुक्रवारी जावई गाडी घेऊन आले. आमची अकरा खोकी बांधून, गप्प करून मामांनी भिंतीशी लावून ठेवली होती. त्यांचं स्वतःचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी. दोन जोडी कपडे, औषधं, दाभण आणि सुतळीचं रीळ. हिवाळ्याचं काहीतरी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "एका बहाराचं काम आहे. स्वेटर काय करू?"

दारात ते वाकले आणि त्यांनी सुनीलच्या पायांना हात लावला.

सुनील दचकून मागे सरला. "मामा, काय करून राहिला तू!"

"भाचा आहेस. रीत आहे आपली. उभा राह्य नीट."

सुनील उभा राहिला. रीतीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ मामा तसेच वाकून होते. गुडघ्यांमुळे असेल. शेवटी मी एका हाताला धरलं, जावयांनी दुसऱ्या, तेव्हा उठले. पार्थला म्हणाले, "बुटातल्या वड्या आधी काढजो, मंग पाय घालजो." आणि गाडीत जाऊन समोर बघत बसले.

आम्हाला ओमानला येऊन आता चार महिने झाले. एकही वस्तू फुटली नाही. घड्याळ डाळीतून सुखरूप निघालं. कल्पनाचा धंदा मात्र आता खरोखरच उभा राहिला आहे. तिने गेटवर पाटी लावली आहे आणि नागपूरपर्यंत माल जातो. मामा तिच्या कुरडयांची प्रतवारी करतात आणि तिच्या सासूबाईंनी केलेल्या कुरडया चुरीत टाकतात. आठवड्याची सुट्टी ते घेत नाहीत. सुट्टीच्या दिवशी भाचीकडे जेवता येत नाही.

डिसेंबरमध्ये त्यांना इकडे महिनाभर आणायचं ठरलं आहे. पाहुण्यांसाठीचा व्हिसा मिळतो, पण त्याआधी पासपोर्ट हवा. वहीत नवं काम लिहून मी फोनवरून त्यांचा अर्ज भरायला घेतला. नाव झालं, आईवडिलांची नावं झाली, अंगावरची खूण झाली. मग कायमच्या पत्त्याचा रकाना आला.

"काय लिहू, मामा? अमरावती?"

"तिथं भाडेकरू आहे ना."

"मग अकोला?"

"थे तर कामाचं ठिकान आहे, सूनबाई. एका बहाराचं."

"वरूड लिहू?"

"शेड कवाचं पाडलं त्याहीनं. दुकानं झाली तिथं."

मागे कल्पना कोणाला तरी पीठ नीट घोट म्हणून ओरडत होती.

"थांब," मामा म्हणाले. "इचार करून सांगतो. बाकीचं भरून ठेव तू."

बाकीचं सगळं मी त्याच दिवशी भरलं. त्याला आज तीन आठवडे झाले. तेवढा एक रकाना भरायचा आहे.