रात्रीचं जेवण, दुपारी साडेतीन

रुक्मांगदराव रात्रीचं जेवण दुपारी साडेतीनला जेवतात. म्हैसूरात, हिनकलच्या बसथांब्याजवळच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या टेबलाशी.

वय चौऱ्याहत्तर, धंदा शिंप्याचा, गळ्यात कायम टेप आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. डावं आपलं, उजवं जपानचं.

"उजवं साडेतीन तास पुढं असतंय सार," ते गिऱ्हाइकांना सांगतात. "नाती पुढंच असायच्या."

त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो आणि एका वर्तमानपत्राचं संपादनाचं काम घरून करतो. त्यामुळे या प्रकरणाचा तपशील मला क्रमाने ठाऊक आहे.

त्यांची नात चंदना शाळेपासून त्यांच्याकडेच वाढली. विणकाम शिकायला ती चार महिन्यांसाठी क्योटोला गेली. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शर्टाची बाही आखूड करायला मी खाली उतरलो, तेव्हा रुक्मांगदराव कटिंगच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या दहीभात खात होते.

"हे तिला सांगू नका," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी तिचा फोन आला. तिथल्या लहान हॉटेलांत एकट्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवतात, घास गिळवत नाही, काल रात्री जेवलेच नाही, सगळं सोडून परत येते, असं ती म्हणत होती.

"येऊ नको," रुक्मांगदराव म्हणाले. "तू तिथं बस, मी इथं बसतो. पंगत म्हण की गं ही. एकट्यानं खाल्लं तर ते जेवण नव्हे, सुम्ने, नुसतं पोट भरणं."

पंगतीचा नियम त्यांच्या घरात कडक. शेवटचा माणूस उठेपर्यंत कुणी पानावरून हलायचं नाही. पण सुरुवातीला हिशेब चुकला. ती सातला जेवते म्हणताना यांनी साडेतीन तास वजा करण्याऐवजी मिळवले आणि रोज रात्री साडेदहाला जेवू लागले. आठवड्याने तिने कळवलं, की तेव्हा ती गाढ झोपलेली असते.

"आठ दिवस झोपलेल्या पोरीबरोबर जेवलो सार! एक शब्द बोलत नव्हती, तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

त्यानंतर दोन संदेश ठरले. तिचा 'बसले' आला, की हे पहिला घास घेतात. 'उठले' आला, की हात धुतात.

शनिवार हा तिचा गाव बघायचा दिवस. म्हणून यांचाही. "ती डोंगर चढणार, आणि मी इथं काज करत बसू?" एका शनिवारी त्यांनी मला पहाटेच उठवलं. साडेसहाला आम्ही चामुंडीच्या पायऱ्या चढत होतो. तिकडे दहा वाजले होते आणि ती कुठल्याशा देवळाच्या पायऱ्या चढत होती. नंदीपाशी बसून रुक्मांगदरावांनी खाली पाहिलं. धुक्यात म्हैसूर पूर्ण बुडालं होतं. राजवाडा नाही, रस्ते नाहीत, एखाद्या झाडाचा शेंडा तेवढा वर.

"आता खाली कुठलं गाव आहे, कुणी सांगावं?" ते हळूच म्हणाले.

नऊला तिचं दुपारचं जेवण. हॉटेलात शिरताच मादेश वेटरने विचारलं, "एन रावरे, जपान बंता?" म्हणजे जपान आलं का. आलं होतं. फोटोत वाडगाभर शेवया होत्या. "रश्शात बुडाल्या बिचाऱ्या," म्हणत त्यांनी शेवयाच मागवल्या. चंदना सावकाश जेवते. शेवटचा घास बशीत ठेवून ते पाऊण तास बसले. शनिवारची गर्दी टेबलाभोवती उभी राहिली.

"आजोबा, झालं ना?" एकाने विचारलं.

"माझं झालं. नात अजून बसलीय."

त्या माणसाने टेबलाखाली वाकून पाहिलं.

दुपारी सव्वा एकला क्योटोत सूर्य मावळत होता. ती नदीकाठी बसली होती. रुक्मांगदरावांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि विठोबाच्या तसबिरीपुढे दिवा लावला. बाहेर रणरणतं ऊन. आत मात्र संध्याकाळ झाली. ब्लाउज न्यायला आलेल्या बाई उंबऱ्यात थांबल्या आणि नकळत हळू आवाजात बोलू लागल्या. भिंतीवर एका किमोनोचा फोटो चिकटवलेला होता. ते त्याच्याकडे बघत होते. "सगळं सरळ कटिंग. पण किती शांत कापड आहे हो."

साडेतीनला आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी होतो. त्यांच्यापुढे भात, सार, पापड. माझ्यापुढे नेहमीची कॉफी. फोन वाजला.

फोटोत दोन वाडगे होते. दुसऱ्या वाडग्याशी कुणाचातरी हात, मनगटाला हिरवा दोरा. खाली लिहिलं होतं: 'ताता, वर्गातली मैत्रीण आहे. आता रोज दोघी जेवणार. तू आपल्या वेळेला जेव. माझ्यासाठी खोळंबू नको.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मला वाचायला दिलं, मग मादेशला दाखवलं.

"दोघी आहेत," ते म्हणाले. "बरं झालं. भिंतीकडे तोंड नाही आता." उजव्या मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी पुसलं आणि खिशात ठेवलं. भात कालवलेला होता. हात त्यावर तसाच राहिला.

मादेश सार वाढायला आला. "साकु," ते म्हणाले. पुरे. पहिला घासही घेतलेला नव्हता.

मी एक वाजता घरी पोटभर जेवलो होतो. मी कॉफीचा पेला बाजूला सारला आणि मादेशला एक जेवण आणायला सांगितलं.

रुक्मांगदरावांनी माझ्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या होतात, ते त्यांना खाली ऐकू येतं. माझं ताट येईपर्यंत ते थांबले, मी भाताला हात लावल्यावर त्यांनी पहिला घास घेतला.

त्यांचं लवकर संपलं. माझं संपेना. मादेश फडकं घेऊन दोनदा येऊन गेला. मी घाईघाईने मोठा घास घेतला, तसा त्यांनी हात वर केला.

"सावकाश जेवा सार," ते म्हणाले. "मी बसलोय."