गाडीच्या डोळ्यांवरची साय

संध्याकाळी सूनबाईची गाडी फाटकातून आत आली ती थेट शेजाऱ्यांच्या गुलाबावर. दोन घरांना मिळून एकच अंगण होतं आणि कुंडी बरोबर मधोमध होती. आवाज ऐकून सगळे बाहेर धावले. गाडीचे दोन्ही दिवे चालू होते, पण उजेड म्हणावा तर तो जेमतेम गाडीच्या नाकापर्यंत पोचत होता.

"दिसली नाही कुंडी?" चिरंजीवांनी बायकोला विचारलं.

"दिसली. फुटल्यावर."

चिरंजीव बँकेत नोकरीला होते आणि जोखीम म्हटली की ते चार पावलं मागे सरायचे. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "आजपासून अंधार पडल्यावर गाडी बंद."

"माझे बहुतेक पेशंट संध्याकाळीच असतात," सूनबाई म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायची. "त्यांना काय सांगू? सूर्य मावळायच्या आत गुडघा वाकवा?"

"मग दिवे बदलून घे."

"गॅरेजवाला म्हणाला, या मॉडेलचे दिवे यायचे बंद झालेत. असेच चालवा, नाहीतर गाडी भंगारात घाला."

भंगार हा शब्द तिच्या स्वतःच्याच जिव्हारी लागला. चाळिशीनंतर, सगळ्यांनी नको नको म्हटलेलं असताना, ती याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली होती.

या बोलण्याकडे चिरंजीवांच्या आईंचं अजिबात लक्ष नव्हतं. त्या गाडीसमोर उकिडव्या बसून पिवळट पडलेल्या दिव्यावर नखाने ओरखडत होत्या. शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची.

"हा पिवळेपणा आतून आहे की बाहेरून?" त्यांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. बाईंचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या दिव्यावर चिकटपट्टीने आखलेले चौकोन दिसू लागले. एका चौकोनात टूथपेस्ट, एकात लिंबू, एकात खायचा सोडा, एकात राख, आणि एक नुसताच, तुलनेसाठी. बाई प्रत्येक चौकोन सारख्याच जोराने घासत होत्या.

"आई, तो दिवा आहे. प्रयोगशाळा नाही," चिरंजीव म्हणाले.

"मग तुला माहीतेय का काय लावायचं ते?"

"नाही."

"मग बाजूला हो, उजेड अडवतोस."

दुपारपर्यंत टूथपेस्टचा चौकोन बाकीच्यांपेक्षा थोडा उजळला. पिवळेपणा बाहेरूनच होता तर! बाई खूश झाल्या. पण टूथपेस्ट गोड असते हे त्यांच्या आधी मुंग्यांना कळलं. संध्याकाळी मुंग्यांची रांग अंगण ओलांडून, चाकावरून चढून दिव्यापर्यंत गेली होती, आणि बाई मुंग्यांना टूथपेस्टमधलं नेमकं काय आवडतं याचा विचार करत चहा विसरल्या होत्या.

कुंडीवाले शेजारी विमा एजंट होते. गुलाबाचं दुःख बाजूला ठेवून त्यांनी चिरंजीवांना कोपऱ्यात घेतलं. "बाईंना सांगू नका, पण डास पळवायचं मलम असतं ना, ते चोळा. लगेच आरसा!"

"खात्री आहे?"

"मी आजवर खात्री नसलेली गोष्ट कोणाला सांगितलीय का?"

हे ऐकूनच चिरंजीवांनी सावध व्हायला हवं होतं. पण आई मुंग्यांमागे आणि बायको घुश्शात, तेव्हा आपणही काहीतरी करून दाखवावं असं त्यांना वाटलं. त्यांनी गुपचूप डाव्या दिव्यावर मलम चोळलं. काय आश्चर्य! पिवळा थर फडक्यावर आला आणि दिवा लख्ख झाला. चिरंजीवांनी उरलेली ट्यूबही पिळली, अंगठ्याने दाबून दाबून लावली आणि शीळ घालत झोपायला गेले.

सकाळी दिवा चिकट झाला होता. रात्रभर उडालेली धूळ, दोन सुकी पानं आणि एक डास त्याला चिकटला होता. मलमाचे ओघळ खालच्या बंपरवर उतरले होते आणि जिथे उतरले तिथला रंग घेऊन गेले होते. दिव्याच्या मधोमध चिरंजीवांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, इतका स्पष्ट की पोलिसांना वेगळा घ्यावा लागला नसता.

चिरंजीव मान खाली घालून उभे राहिले. आता आई बोलणार!

बाई वाकल्या. बोट लावून पाहिलं. वास घेतला. "अरे वा!" त्या म्हणाल्या. "प्लास्टिकच विरघळवलंस की तू!"

"आई, रागाव तरी."

"नंतर रागावते. डाससुद्धा पळाला नाही, बघितलंस?"

आता घासून काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंनी हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिशपेपर आणले, खरखरीत ते अगदी मऊ असे. बादलीत पाणी घेऊन दोघं मायलेक एकेका दिव्यासमोर बसले. चिकट थर निघाला, ठसा निघाला, मुंग्यांचे चौकोनही निघाले. आणि दोन्ही दिवे दुधासारखे पांढरेफटक झाले.

नेमकी तेव्हाच सूनबाई पेशंटकडे निघायला पर्स खांद्याला लावून बाहेर आली. तिने गाडीकडे पाहिलं. गाडीने पांढऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आधी निदान पिवळं तरी दिसत होतं," ती म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. तिची पाठ वळल्यावर चिरंजीवांना जाणवलं, ती रागावलेली नव्हती. तिने गाडीची आशा सोडली होती.

"आई, बिघडवलं गं आपण," ते हळूच म्हणाले.

बाईंनाही तसंच वाटत होतं. पण त्यांनी पांढऱ्या दिव्यावर थोडं पाणी ओतलं आणि त्या थबकल्या. पाणी होतं तेवढा वेळ दिवा आरपार दिसला. पाणी ओघळलं, पुन्हा पांढरा.

"हे डाग नाहीत रे! ओरखडे आहेत, बारीक बारीक. पाण्याने भरले की दिसतं. म्हणजे ते आणखी बारीक करत गेलो, तर?"

मग त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. मऊ कागद, त्याहून मऊ कागद, मग गाडीचं पॉलिश. चिरंजीवांनी बँकेत रजा कळवली आणि दिवसभर घासलं. बाई सांगत होत्या, "गोल नको, आडवं. आता उभं." हळूहळू सायीखालून काहीतरी चमकू लागलं. आधी बल्ब दिसला, मग त्यामागची चकाकती वाटी. शेवटी उन्हाने दिवे पुन्हा पिवळे पडू नयेत म्हणून बाईंनी वरून पारदर्शक लेप दिला आणि तो सुकेपर्यंत चिरंजीव वर्तमानपत्राने मुंग्या हाकत उभे राहिले.

सूनबाई परतली तेव्हा अंधारून आलं होतं. चिरंजीवांनी गाडीचे दिवे लावले. अंगण, फाटक, पलीकडचा रस्ता, सगळं उजळून निघालं. ती बघतच राहिली. मग तिने किल्ली मागून घेतली आणि एकटीच चक्कर मारायला गेली.

ती येईपर्यंत मायलेक पायरीवर बसून होते. बऱ्याच वेळाने गाडी आली. सूनबाई उतरली, पण तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"काय गं? दिसत नाही का नीट?" बाईंनी विचारलं.

"सगळं दिसतं," ती म्हणाली. "आई, त्या वळणावर एक आजोबा बसलेले असतात ना, टोपीवाले? रोज अंधारात परतताना त्यांच्यासाठी गाडी थांबवते मी. जा जा म्हणून हात करते. ते काही रस्ता ओलांडत नाहीत. मला वाटायचं, भिडस्त असतील. एकदा तर काच खाली करून विचारलं, घरी सोडू का म्हणून."

"मग?"

"आज नीट दिसलं. बंद पडलेला सार्वजनिक नळ आहे तो. पोतं गुंडाळलेला. वर कोणीतरी घमेलं पालथं घातलंय."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "मग आज काय केलंस?"

"थांबले. इतक्या दिवसांची ओळख, एकदम कसं तोंड फिरवायचं?"

बाईंना हसू आवरेना. सूनबाईही हसू लागली. चिरंजीव मात्र हसत नव्हते.

"वळणावरचे?" त्यांनी विचारलं. "दुकानाच्या शेजारचे?"

"हो."

"मी रोज बँकेतून चालत येताना त्यांना नमस्कार करतो."

दोघींचं हसू थांबलं.

"आणि ते," चिरंजीव ठामपणे म्हणाले, "मान हलवतात."

बाई उठल्या आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "आधी नळ बघू. मग तुझे डोळे."