दार लावून घ्या

"मीठ नाही, तंबाखू नाही, जिना नाही, भांडण नाही," मार्था सिस्टर म्हणाल्या, "आणि रेडिओवरच्या बातम्याही नाहीत."

"लढाई तर सपली की, शिष्टर," रंगनाथ खाटेवरून म्हणाले.

"तुमच्या हृदयाला ते अजून कळलेलं नाही."

हृदयविकाराचा झटका आल्यापासून रंगनाथ महिनाभर नगरच्या दवाखान्यात उताणे पडून होते. आज त्यांना घरी सोडत होते आणि सिस्टर त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, सगळं समजावून सांगत होत्या. नवऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी कशी पाहायची तेही शिकवलं. नाडी पळायला लागली किंवा अडखळली की समजायचं, माणसाला त्रास होतोय. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा हात चारचौघांत इतका वेळ हातात धरायची मुक्ताबाईंची ही पहिलीच वेळ. त्या आधी लाजल्या आणि मग शिकल्या.

"आता सगळ्यांत महत्त्वाचं. पुढच्या आठवड्यात मी सोनईला बहिणीकडे येणार आहे, तेव्हा यांना बघून जाईन. तोवर पूर्ण विश्रांती मिळाली, तर चालायला परवानगी देईन. नाही मिळाली, तर परत इथे, याच खाटेवर. भेटायला माणसं येतील, त्यांना आत सोडायचं नाही. सरळ दार लावून घ्या."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या.

एसटी घोडेगावच्या फाट्यावरून आत वळली, तेव्हा त्या दचकल्या.

"अवो, पन आपल्याला दार कुठं हाय?"

रंगनाथांनी विचार केला. खरंच नव्हतं. शनिशिंगणापुरात कुणाच्याच घराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, पुढे नुसता उजेड. गावाची राखण शनिदेव करतो म्हटल्यावर दाराचा खर्च कोण करतो?

"द्येव राखतोय की," रंगनाथ म्हणाले.

"चोरापासनं राखतो. पाव्हन्यापासनं न्हाई."

गावात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. त्यामुळे रंगनाथ खाटेवर टेकायच्या आत धाकटा भाऊ सहादेव उशाशी येऊन बसला.

"दादा, अजाबात घाबरू नगं. माझ्या सासऱ्यालाबी असंच झाल्तं. घरी आला, हसला, बोलला, च्या प्याला…"

"मंग?"

"मंग काय. दहाव्याला लई मानसं हुती."

मुक्ताबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. नाडी उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी पळत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाय केला. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला आडवी लावायची फळी घरोघर असते. मुक्ताबाईंनी ती भर दिवसा लावली. पलीकडच्या गोजरबाई आल्या, त्यांनी फळीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मुक्ते, ही फळी कुनासाठी गं?"

"आत्याबाई, पेशंटला इश्रांती पायजे म्हनून…"

"मला तर ही कुत्र्यासाठी म्हाईत हाय. मंग मी आता काय करू, भुंकू?"

गोजरबाई बोलतील ते करून दाखवतील अशी गावभर ख्याती होती. बघता बघता अख्खी आळी अंगणात गोळा झाली. त्या भुंकल्या नाहीत, पण त्याशिवायचं सगळं बोलल्या. आत रंगनाथांची नाडी अडखळायला लागली. मुक्ताबाईंनी फळी काढली.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई स्वतःच उंबऱ्यात बसल्या. सहादेव शेतातून उन्हाचा तरातरा आला.

"भावजी, हात आना."

"का, वयनी?"

"शिष्टरनं शिकिवलंय. ज्याची नाडी बरी, त्यालाच आत सोडायचं."

सिस्टर असं काही बोलल्या नव्हत्या. पण मुक्ताबाईंना लबाड म्हणणंही बरोबर नाही, कारण एकदा मनगट हातात आल्यावर त्यांनी नाडी अगदी मनापासून पाहिली. डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडून सहादेवकडे नुसतंच पाहिलं.

"काय झालं, वयनी?"

"काय न्हाई. पळतीया. तुमी घरी जाऊन पडा बरं. आन मीठ सोडा."

सहादेव आला होता त्याच्या निम्म्या वेगाने परत गेला. मागे उभा असलेला मच्छिंद्र पैलवान हे सगळं बघत होता. त्याने खुशीत हात पुढे केला. त्याची नाडी सावकाश, दमदार चालत होती.

"अगं बया," मुक्ताबाई म्हणाल्या, "ही तर हालतच न्हाई!"

पैलवान मटकन खाली बसला. त्याला घरी न्यायला दोघे लागले, आणि पैलवानाचं वजन तोलून आल्यावर त्या दोघांच्या नाड्या काय सांगाव्यात! पुढच्यांची तोंडं बघून रांगेत उभ्या माणसांची छाती धडधडायला लागे, आणि हात पुढे करेपर्यंत ती चांगलीच पळत असे. गोजरबाईंनी नाडी दाखवायला साफ नकार दिला, पण घरी गेल्या आणि खबरदारी म्हणून आडव्या झाल्या.

आठवड्याच्या शेवटी आळी सामसूम होती. घरोघर बिनमिठाचं पिठलं शिजत होतं आणि घरोघर एकेक जण भिंतीकडे तोंड करून पडला होता. मुक्ताबाई खूश होत्या. एकही पाहुणा येत नव्हता.

रविवारी मार्था सिस्टर आल्या. मुक्ताबाईंनी त्यांना मोठ्या अभिमानाने आत नेलं. खाट रिकामी होती.

ज्या घराला पाहुणा अडवायला दार नसतं, त्याला पेशंट अडवायलाही नसतं, हे मुक्ताबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. आता परत नगर, परत तीच खाट! त्या डोळ्यांना पदर लावून धावत सुटल्या आणि सिस्टर त्यांच्या मागून. प्रत्येक चौकटीतून आत पाहावं तर एक माणूस कण्हतोय.

"इथे साथ आली आहे का?" सिस्टरनी विचारलं.

सहादेवच्या घरातून ओळखीचा आवाज आला. रंगनाथ धाकट्या भावाच्या उशाशी मांडी घालून बसले होते.

"सहादू, अजाबात घाबरू नगं. माझ्या शेजारच्या खाटंवर एक जन हुता, तुझ्याच वयाचा. हसला, बोलला, च्या प्याला…"

"रंगनाथराव!"

रंगनाथ ताडकन उठणार, तेवढ्यात "हळू" असं स्वतःलाच म्हणत सावकाश उठले. "शिष्टर, समदी आळी आजारी हाय. भेटाय न्हाई गेलो तर मानसं काय म्हनतील?"

सिस्टरनी तिथेच त्यांचं मनगट धरलं. घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"नाडी उत्तम आहे," सिस्टर म्हणाल्या. "रोज सपाटीवर थोडं चाला, हेच मी आज सांगायला आले होते. पण आजाऱ्यांना गोष्टी सांगायच्या नाहीत." मग त्यांनी सहादेवची नाडी पाहिली. "आणि तुम्हाला काही झालेलं नाही. उठा!"

हे बोलायला नको होतं. सिस्टरनी नुसती नाडी बघून सहादेवला बरं केलं, हे कानावर आल्यावर सगळी आळी खाटा सोडून उठली. सिस्टर मुक्ताबाईंच्या घरी चहाला टेकल्या, आणि मुक्ताबाईंनी त्यांना फळीपासूनची सगळी हकिगत सांगितली, तोवर अंगण भरलं होतं. सगळ्यांत पुढे पैलवान. गोजरबाईंचा हात तर चौकटीतून आतच आला होता, बाकीच्या गोजरबाई मागून येत होत्या.

"शिष्टर, माझी बघा!" "आदी माझी!"

सिस्टरचा चहा बशीत सांडला. "मुक्ताबाई," त्या कळवळून म्हणाल्या, "जरा दार तरी लावून घ्या हो!"

मुक्ताबाईंनी रिकाम्या चौकटीकडे बोट केलं. सिस्टरनी चौकटीकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं,

"ती फळी कुठे ठेवली आहे?"