एका माणसाचं पाणी

सोनखेडात नळाचं पाणी घरातल्या माणसांच्या लॉगॅरिदमप्रमाणे सोडतात. दहा माणसांच्या घराला एक हंडा, दोघांच्या घराला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी, आणि एकट्याला काहीच नाही. एकाचा लॉगॅरिदम शून्यच येतो, त्याला पाणीखातं तरी काय करणार, असं लोक म्हणतात.

केरबा लोहकऱ्याच्या घरी दोघंच. बायको भागा अंथरुणाला खिळलेली. दुखण्याने तिचं पार चिपाड झालं होतं, पण ती मरण पुढे ढकलत होती. ती गेली की केरबा एकटा उरणार आणि नळ बंद होणार. “एवढा उन्हाळा काढते,” म्हणून ती दात आवळून पडून राही.

तिचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा केरबा पाणीखात्यात गेला. शेजारची अनसूया कधीचीच एकटी; रोज एक तांब्या तो तिला आपल्यातलाच देई. भागाच्या माघारी ही दोन घरं जोडली तर दोघांचं पाणी मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

तिथल्या ढेकणेबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि नियम समजावला. घरं जोडली की माणसांचा गुणाकार होतो आणि लॉगॅरिदमची बेरीज. मोरे आणि तांबे, दोघांकडे तीन-तीन माणसं. जोडल्यावर दोन्ही नळांना नऊ-नऊ जणांचं पाणी मिळू लागलं. मोऱ्यांनी आता म्हैस घेतली आहे.

“आणि एक-एक?”

“एक गुणिले एक, एकच. शून्यात शून्य मिळवलं, बाबा.”

“पण आम्ही दोघं असू की.”

“दिसायला असाल,” बाई हळूच म्हणाल्या.

तो घरी परतला तेव्हा भागा जागीच होती. “काय म्हणाल्या बाई?”

केरबाने तिची उशी सारखी केली. “बसतंय हिशोबात. अनसूयेचं घर जोडून देतायत.”

“खरं सांगताय?”

“गुणाकार करून दाखवला त्यांनी.”

“मग जाऊ मी?”

“जा.”

त्याने चमच्याने तिला पाणी पाजलं. दुसरा चमचा ओठांतून ओघळला. अंगणात कळशीत पडणारी धार बारीक झाली आणि थांबली.

अनसूया रोजच्यासारखी तांब्या घेऊन आली. तिने नळाकडे पाहिलं, मग दाराकडे. “आंघोळ घालायची असेल ना?”

केरबाने कळशी तिरपी करून तळ पाहिला. “तोंडापुरतं आहे.”

अनसूयेने तांब्या उंबऱ्याशी पालथा ठेवला आणि पदराचं टोक भिजवायला पुढे केलं.