सूचीबाह्य वाचन

मुलांना घरकामाचे पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न आमच्या घरात एका रविवारी सकाळी उपस्थित झाला आणि दुपारच्या जेवणापर्यंत निकाली निघाला. इतक्या झटपट निकाली निघालेला प्रश्न मी एकोणीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. मी बांधकाम खात्याच्या दरसूची शाखेत अधीक्षक आहे. भिंतीला रंगाचा एक हात द्यायला किती पैसे, दोन हात द्यायला किती, आणि एकच हात देऊन दोन सांगितले तर ते ओळखायचे कसे, हे आमची शाखा ठरवते.

निमित्त झाले रॅकेटचे. आमच्या अकरा वर्षांच्या बिट्टीला बॅडमिंटनची रॅकेट हवी होती. कार्यालयात शेजारच्या टेबलावरचा सहकारी आदल्याच दिवशी म्हणाला होता, की तो मुलाला प्रत्येक कामाचे पैसे मोजून देतो, त्याने पोराला श्रमाची किंमत कळते. मला ते पटले. ज्याला दर नाही त्याला किंमत नाही, हे तर आमच्या शाखेचे कायमचे धोरणच आहे.

आमच्या सौ. एका प्रयोगशाळेत लोकांचे रक्त तपासणीसाठी काढतात. त्यामुळे त्या बोलतात कमी आणि टोचतात नेमके. "ताट उचलायचे पैसे देणार," त्या म्हणाल्या, "मग जेवायचे किती घेणार?" मी या आक्षेपाची नोंद घेतली आणि कामाला लागलो.

संध्याकाळपर्यंत बावीस बाबींची दरसूची तयार झाली. स्वतःचे ताट उचलणे, दुसऱ्याचे ताट उचलणे, आणि दुसऱ्याचे ताट त्याचे जेवण संपल्यावर उचलणे, अशा तीन स्वतंत्र बाबी मी धरल्या. कपड्यांच्या घड्या नगावर, मोज्यांची जोडी म्हणजे एक नग. झाडांना पाणी कुंडीमागे, जिवंत आणि मेलेल्या झाडाला एकच दर. सर्वसाधारण अटी नव्याने कोण लिहीत बसणार, म्हणून त्या कार्यालयातल्याच उचलल्या. त्यातली सातवी अट अशी होती: 'सूचीत समाविष्ट नसलेले कोणतेही काम लेखी परवानगीशिवाय करू नये, केल्यास ते अनधिकृत समजण्यात येईल.' एका ठेकेदाराने न सांगता साहेबांची खुर्चीसुद्धा रंगवून तिचे पैसे मागितले होते, तेव्हापासून ही अट आली. साहेब त्या वेळी खुर्चीवर होते, हा वेगळा मुद्दा.

बिट्टीने सही करण्याआधी सगळे वाचले. वाचल्याशिवाय सही न करणारी व्यक्ती मला प्रथमच भेटत होती. तिने सातव्या अटीचा अर्थ विचारला. यादीत नाही ते करायचे नाही, एवढाच अर्थ, असे मी सांगितले. "कधीच नाही?" तिने विचारले. परवानगीशिवाय नाही, मी म्हणालो. तिने सही केली.

पहिला आठवडा दृष्ट लागण्यासारखा गेला. घर लखलखत होते. चादरी दिवसातून चार वेळा झटकल्या जात होत्या. कपाटातले घडी केलेले कपडे उलगडून पुन्हा घडी केले जात आहेत, हे लक्षात यायला मला तीन दिवस लागले. आमच्या कार्यालयात याला वर्ष लागते. मी लगेच तपासणी सुरू केली. रोज आठ वाजता मी मोजे मोजू लागलो.

दुसऱ्या आठवड्यात दूध उतू गेले. बिट्टी तेव्हा गॅसपासून हातभर अंतरावर उभी होती. चौकशीत तिने सांगितले, की 'दूध तापत ठेवणे' ही बाब क्रमांक नऊ असून ती तिने पूर्ण केली होती. गॅस बंद करणे सूचीत कुठेच नाही. मी सूची पाहिली. पोरीचे बरोबर होते. ओटा पुसणे मात्र बाब क्रमांक दहा असल्याने तिने तो पुसला आणि त्याचे पैसे घेतले. सौ. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या हातात सुई नव्हती, हे माझे नशीब.

त्याच संध्याकाळी सात वाजता दादांनी हाक मारली.

दादा म्हणजे माझे वडील. एका छापखान्यात चौतीस वर्षे ते मुद्रितशोधक होते. समोरचा माणूस मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दादा पेन्सिल घेऊन छापलेल्यातली चूक पकडायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर नेली, फक्त उजेड-अंधार उरला. तीन वर्षांपासून रोज सातला बिट्टी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि ते सवयीने पेन्सिल धरून ऐकायचे. पोरगी मधूनच मुद्दाम चुकीचे वाचायची. "महापौरांनी नव्या गटाराचे चुंबन घेतले," असे ती गंभीरपणे वाचायची आणि दादा तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "उद्घाटन. चुंबन घेतलं असतं तर बातमी आतल्या पानावर आली नसती." मग दोघेही हसत सुटायचे. त्या खोलीतून दिवसभरात येणारा हसण्याचा आवाज तेवढाच.

आठवडाभर सवयीने वाचत आलेल्या बिट्टीला दुधाच्या चौकशीने सातवी अट आठवली होती, आणि त्या दिवशी ती दारातच उभी राहिली. "दादा, तुमचं यादीत नाहीये," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. मग ती माझ्याकडे लेखी परवानगी मागायला आली. मला भरून आले. मुलगी नियमाने वागते आहे, याहून बापाला आणखी काय हवे? मी परवानगीवर न थांबता पूरक बाब क्रमांक तेवीस तयार करायला घेतली.

दर ठरवणे सोपे नव्हते. मी पट्टीने वर्तमानपत्राचे रकाने मोजले. अग्रलेखाला चढा दर, हवामानाला कमी, निधनवार्तांना निम्मा. कारण त्यात नावे सोडली तर मजकूर एकच असतो. कामाचा दर्जा राखण्यासाठी चुकीच्या प्रत्येक शब्दामागे कपात ठेवली. श्रोत्याने मध्ये थांबवल्यास तो वेळ श्रोत्याच्या खाती. हे सगळे मी दादांना समजावून सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझं काम चोख असतं." मला बरे वाटले.

त्यानंतर वाचन वक्तशीर झाले. बिट्टी मोठ्या छायाचित्रांचे रकाने निवडायची, कारण मोजमाप लांबीवर होते. महापौर पुन्हा कशाचेही चुंबन घेताना सापडले नाहीत. प्रत्येक चुकीला कपात होती आणि रॅकेट अजून लांब होती. दादांना पकडायला काही उरलेच नाही. ते मध्ये थांबवून काही विचारीतही नसत. वाचन पूर्वी तासभर चालायचे, ते चौदा मिनिटांत आटपू लागले. माझ्या तपासणीत एकही चूक आढळली नाही.

दहाव्या दिवशी दादांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यांनी तो स्वतः लिहिला होता. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, पण शुद्धलेखन निर्दोष होते. 'मला यापुढे वाचनाची आवश्यकता नाही. घरखर्चात तेवढी बचत व्हावी.' मी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला, तारीख घातली आणि बचत किती होईल ते मनातल्या मनात काढले. आकडा बरा होता.

पाचव्या दिवशी सौ.नी मला दंडाला धरून दादांच्या खोलीच्या दाराशी नेले. सात वाजले होते. दादा खुर्चीत ताठ बसले होते, हातात पेन्सिल होती, पुढ्यात काही नव्हते. "रोज असाच बसतो तो माणूस," सौ. हळू आवाजात म्हणाल्या. "बाकी काय करायचं ते कर, पण हे आजच्या आज मिटव." त्या मला एकेरीत बोलल्या, तेव्हाच प्रकरण हाताबाहेर गेल्याचे मी ओळखले. आणि खरे सांगायचे तर मला त्या दाराशी उभे राहवेना.

मी त्याच रात्री योजना रद्द केली. आदेशात 'बाब क्रमांक एक ते तेवीस तत्काळ प्रभावाने रद्द' असे स्पष्ट लिहिले. रॅकेटही घेऊन देण्याचे कबूल केले. बिट्टीने आदेश वाचला आणि मान डोलावली. सकाळी मी तिला म्हणालो, की आता संध्याकाळी दादांना पूर्वीसारखे वाचून दाखव.

"पण तेवीस नंबर रद्द झाला ना?" ती म्हणाली.

"पैसे रद्द झाले. वाचायचं तसंच, आधी वाचायचीस तसं."

ती विचारात पडली. चेष्टा करत नव्हती, खरोखरच आठवत होती. "बाबा," ती म्हणाली, "आधी मी कशासाठी वाचायचे?"

असा प्रश्न आला की मूळ आदेश शोधायचा असतो, तसा मी शोधू लागलो. मूळ आदेश नव्हताच. हे काम तीन वर्षे कोणाच्याही मंजुरीशिवाय चालू होते. मी दादांना विचारले. ते म्हणाले, "मला वाटायचं, तिला आवडतं." बिट्टीला विचारले, तर ती म्हणाली, "मला वाटायचं, दादांना आवडतं. पण ते काम होतं ना? तुम्हीच तर दर लावलात." आता दोघांनाही एकमेकांचा संकोच वाटू लागला. त्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि आत न जाता परत आली. दादांनी हाक मारली नाही.

शेवटी मी स्वतः वर्तमानपत्र घेऊन गेलो. पाणीपुरवठ्याची बातमी लावली. मध्येच 'जलवाहिनी'ऐवजी मुद्दाम 'रुग्णवाहिनी' वाचले. दादांची पेन्सिल किंचित हलली. त्यांनी चूक ऐकली होती, यात शंका नाही. पण ते बोलले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "तू दमून येतोस. छान वाचलंस. आभारी आहे." माझ्या साऱ्या आयुष्यात त्यांनी कधी माझे आभार मानले नव्हते. परक्या माणसाचे मानतात, तसे त्यांनी ते मानले, आणि मी वर्तमानपत्राची घडी घालून बाहेर आलो.

इतर कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून ही हकिकत मी सविस्तर लिहिली. ती तुम्ही आत्ता मनातल्या मनात वाचून संपवलीत. तुमच्या घरात पलीकडच्या खोलीत जे कोणी बसले आहे, त्यांना तिचा एक शब्दही ऐकू गेलेला नाही. नियमाप्रमाणे यात तुमची काहीच चूक नाही. हे काम तुमच्याही यादीत नव्हते.