कलपाच्या रेघा आणि कारळाची चटणी

हे सांगितलं तर धारूरच्या बाजारात एकही माणूस खरं मानणार नाही, असं बजावूनच आसाराम सांगायला बसतो. खरं मानील त्याला माझ्याकडून चहा, असंही वर म्हणतो. आजवर त्याला पातेलं चुलीवर चढवावं लागलेलं नाही!

आज ओसरीवर सापडला होता गॅरेजवाला दिलावर. बिचारा चटणी न्यायला आला होता. आत आसारामची बायको वत्सलाबाई कारळ भाजत होत्या.

गोष्ट त्यांच्याच चटणीची. त्यांच्या बचत गटाच्या अकरा बाया ती कुटायच्या. गावात नवं मार्ट निघालं, तेव्हा त्याचा मालक राधाकिशनशेठनं गटाला एक अख्खी फळी देऊ केली. अट एकच. सोमवारपर्यंत पाकिटावर बारकोड पाहिजे, नाहीतर फळी शेवयावाल्या गटाला. बायांची तोंडं शिळ्या भाकरीसारखी उतरली. आसाराम म्हणाला, "मी मेलोय का?"

त्याच्या छातीला आधार होता. बावीस वर्षं तो तेलगावकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का मारायचा. अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर ठेवायचा, वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा. मालक बदलला तरी पत्रा तोच, कारण ओळखीच्या मार्क्याची गाठ कुठं अडत नाही, हा तिथला शिरस्ता! बारकोड म्हणजे तरी काय, मार्काच. मग नवा कशाला? चालता घ्यावा. बिस्किटाचा पुडा मार्टातल्या मशीनपुढं तीनदा फिरवावा लागला होता. त्याच्या स्वतःच्या केसांच्या कलपाची डबी मात्र पहिल्याच झटक्याला 'टुंक' वाजली होती. ठरलं! डबीवरच्या रेघा त्यानं झेरॉक्सवाल्याकडून चिकटकागदावर दोनशे वेळा उतरवून घेतल्या.

सोमवारी चाळीस पाकिटं फळीवर बसली. आसाराम काही बसेना. धोतरात मुंगळा शिरल्यासारखा तो मार्टाच्या दारात येरझाऱ्या घालू लागला. आत डोकावायचा, बाहेर यायचा, पुन्हा पाकिटं मोजायचा. चटणीवर 'टुंक' वाजलं की त्याची छाती वीतभर फुगायची.

मग पंचाहत्तरीच्या छबुबाई बिल फडकवत आल्या. त्यात चटणी नव्हतीच. 'केशकलप, काळा, दोन नग.' त्यांच्यामागून बजरंगची बायको आली. नवऱ्याच्या खिशात तिला तीन कलपांचं बिल सापडलं होतं, आणि बजरंगच्या डोक्यावर तर औषधाला केस नाही. मग तो रंगवतोय तरी कुणाचे, एवढंच तिला विचारायचं होतं!

काउंटरवरच्या समिनानं पाकीट उलटंपालटं केलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, रेघांत चटणी बी नसती अन् कलप बी नसतो. नुसता नंबर असतो. पांढऱ्यावरून उजेड माघारी येतो, काळ्यात मुरतो, तेवढ्यावरून मशीन आकडे वाचतं. त्या नंबरचं नाव अन् भाव आमच्या कॉम्प्युटरात. तुमी लावलाय तो नंबर कलपाचा हाय."

आसारामनं ओळखलं. फळी आता गेलीच. पण तोवर कॉम्प्युटरनं हिशोब केला होता, की धारूरात कलप संपला! त्यानं परस्पर मागणी धाडली. दुसऱ्या दिवशी कलपाचा ट्रक दारात. तिसऱ्या दिवशी कलपाच्या कंपनीचा साहेब शालनारळ घेऊन येणार, असा निरोप. असा काळाभोर गाव त्याला डोळ्यांनी पाहायचा होता. आणि गाव तर फुटलेल्या बोंडासारखा पांढरा!

आसारामनं सटवा न्हाव्याला गाठलं. एका दुपारात दीडशे डोकी काळी केली. कलप उरला, तेव्हा बजरंगचा पांढरा बैलही रंगवला. बैल दावं तोडून पळाला, कारण त्याला पाण्यात दुसराच बैल दिसला. साहेब खूश! भाकरीशी चटणी खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाला, असल्या मालाला स्वतःचा नंबर पाहिजे. उभ्या उभ्या फोनवरून त्यानं तो काढून दिला.

"म्हनून तर दिलावरभाई, फळी आपलीच ऱ्हायली," आसारामनं मिशी कुरवाळली. "मी व्हतो म्हनून."

दिलावरनं मान डोलावली. चहा मिळायची वेळ अगदी जवळ आली होती.

आतला झारा थांबला.

"कोन साहेब वो?" वत्सलाबाई दारात आल्या. "सोमवारीच समिनानं पस्तीस पाकिटं माघारी धाडली. तुमचे कलपाचे कागद मी एकेक करून नखानं खरवडले. शेठला म्हनलं, सुट्ट्या डाळीला दुकानाचा नंबर छापता, तसा आमाला बी द्या. तवा ऱ्हायली फळी. तुमी तर त्या सांजच्यालाच आष्टीला लेकीच्या घरी पळून गेलते."